नजर सरकेना

आधीच सांगून टाकते, माझे डोळे ठणठणीत होते. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला, तेव्हा शेवटच्या ओळीतली मुंगीएवढी अक्षरंसुद्धा मी घडाघडा वाचली आणि वर विचारलं, "याच्या खाली अजून काही आहे का?" डॉक्टर हसले. मला हसू येत नव्हतं. त्या डोळ्यांनी मला तक्ता वाचायचा नव्हता, बाटल्या बघायच्या होत्या.

मी काचेच्या कारखान्यात तपासणीला आहे. सव्वीस वर्षं झाली. औषधाच्या छोट्या बाटल्या भट्टीतून निघतात, गार होतात आणि पट्ट्यावर उभ्या राहून आमच्या खोलीत येतात. खोलीत अंधार. समोर पांढऱ्या उजेडाची हातभर लांब पाटी, तिच्यापुढून पट्टा सरकतो, अलीकडे स्टूल आणि स्टुलावर मी. मिनिटाला पन्नास बाटल्या. एखादीला केसाएवढा तडा असतो, एखादीच्या बुडात बुडबुडा, एखादीच्या तोंडाची कपची उडालेली. वाईट दिसली की उचलायची आणि लाल पेटीत टाकायची. वीस मिनिटं बघायचं, दहा मिनिटं उठायचं, की पुन्हा वीस मिनिटं.

आता लोकांना वाटतं, यात काय एवढं, बसून तर बघायचंय! या ना मग, बसा. चौथ्या मिनिटाला डोळे पाझरायला लागतात. बाटली उभी नसते, ती चाललेली असते. नजर एका जागी रोखून धरली तर सगळ्या बाटल्यांची मिळून एक पांढरी रेघ होते. म्हणून एक बाटली पाटीच्या या टोकाला धरायची, नजरेनं तिच्याबरोबर चालायचं, त्या टोकाला सोडायचं आणि उडी मारून मागे यायचं, पुढचीला घ्यायला. आम्ही याला बाटली पोचवणं म्हणतो. नजर बाटलीच्याच वेगानं सरकली की बाटली तुमच्यापुरती थांबते, आणि थांबलेल्या बाटलीतला तडा लपत नाही. कारखान्यात सगळे मला मावशी म्हणतात, आणि मावशीच्या हातून तडकलेली बाटली बाहेर गेली असं सव्वीस वर्षांत कुणी म्हणालेलं नाही.

मग मी पडले. खोटं कशाला बोलू, मागे वळून एकीला झापत झापत जिना उतरत होते. पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू कठड्यावर आदळली. चार टाके, दोन दिवस उलट्या, तीन आठवडे अंथरूण. चौथ्या आठवड्यात मी हट्टानं कामावर गेले, स्टुलावर बसले, पट्टा सुरू झाला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाटली इथे दिसायची, मग एकदम तिथे. मधली वाट कुणीतरी कापून घेतल्यासारखी. दहाव्या बाटलीला मी लाल पेटीतच ओकले. आता हसते, पण तेव्हा त्या खोलीतून मी भिंतीला धरत बाहेर आले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळा धडधाकट आहे, पण चालत्या वस्तूबरोबर डोळ्याला हळूहळू ढकलत नेणारी जी मेंदूतली यंत्रणा असते, तिला मार बसलाय. त्यामुळे डोळा सरकायचा सोडून टुणटुण उड्या मारतो. व्यायामानं सुधारेल. किती सुधारेल ते सांगता येत नाही.

शेवटचं वाक्य माझ्या काळजाला लागलं.

व्यायाम शिकवायला इस्पितळात एक तरणी मुलगी होती. तिचं मी पेन्सिलबाई नाव ठेवलं, कारण तिच्या हातात कायम पेन्सिल. पेन्सिल डावीकडून उजवीकडे न्यायची, उजवीकडून डावीकडे आणायची, मी मान न हलवता टोकाकडे बघायचं. दिवसातून पाच वेळा. घरी नवरा पेन्सिल धरायचा. नवरा शिंपी आहे, पुढच्या खोलीत त्याचं मशीन. शिलाई अर्धवट टाकून तो माझ्यासमोर पेन्सिल घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "तीस वर्षं तू मला बोटावर नाचवलंस, आता मी तुला पेन्सिलीवर नाचवतो." त्याच्या जिभेला हाड नाही, पण व्यायाम एकदाही चुकवला नाही त्यानं.

चार महिने गेले. कारखान्यातून निरोप आला. सुपरवायझर स्वतः घरी आला. हा पोरगा मीच शिकवलेला, सुपरवायझर झाला तरी माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसतो.

"मावशी, वरून विचारणा होतेय," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारी चाचणी घ्यायची म्हणतात. तीनशे बाटल्या, त्यात बारा वाईट. अकरा तरी सापडायला पाहिजेत."

"आणि नाही सापडल्या तर?"

"पॅकिंगला जागा आहे. पगारही तोच राहील."

"पगाराचं विचारलं मी?" मी खेकसले. त्यानं मान खाली घातली. बिचाऱ्याची चूक काहीच नव्हती. पॅकिंग काही वाईट काम नाही, खोक्यात बाटल्या भरायच्या, गप्पा मारायच्या. पण मला उजेडासमोरचं माझं स्टूल हवं होतं. तिथे बसले की मी कुणीतरी असते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

हातात आठच दिवस. पेन्सिल मला पुरेशी वाटेना. मग मी माझी अक्कल पाजळली. पट्टा काही घरी आणता येत नव्हता, पण स्वयंपाकाचा ओटा होता की! चांगला लांब, सरळ, पट्ट्याएवढाच. मी समोर स्टूल मांडलं आणि ओट्याच्या कडेवरून नजर सरकवायला सुरुवात केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, एकसारखी. कडेवर काही नाही, नुसती मोकळी कड. सव्वीस वर्षं बाटल्या पोचवणाऱ्या बाईला मोकळ्या ओट्यावरून नजर सरकवता येऊ नये का? मला तर वाटत होतं की छान सरकतेय.

तीन दिवसांनी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, फोनवर माझ्या डोळ्यांचा व्हिडिओ काढा बरं. जवळून. मला बघायचंय."

त्यानं काढला. आम्ही दोघांनी डोकं लावून बघितला. व्हिडिओत माझे डोळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उड्या मारत होते. ठप, ठप, ठप, ठप. एक इंचसुद्धा सरळ सरकत नव्हते.

"अजून एकदा काढा."

अजून एकदा काढला. मग अजून एकदा. सहा वेळा काढला. प्रत्येक वेळी तेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेन्सिल उचलून मी खिडकीबाहेर भिरकावली. चार महिने! दिवसातून पाच वेळा! मी त्या पेन्सिलबाईच्या नावानं बोटं मोडली, डॉक्टरांच्या नावानं मोडली, जिन्याच्या नावानंसुद्धा मोडली. मग गप्प झाले, आणि मी गप्प झाले की नवरा घाबरतो. मी कागद घेतला, सुपरवायझरला पत्र लिहिलं. चाचणीला येत नाही, पॅकिंगला घ्या. चारच ओळी.

"उद्या बाजारात जाता जाता एवढं कारखान्यात देऊन या," मी नवऱ्याला म्हटलं.

त्यानं पत्र वाचलं, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवलं. तो मूग गिळून बसला म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, पण ते कळायचं भान मला नव्हतं. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून आरोळी आली. "अगं ए! लवकर ये! मला पण झालंय!"

मी धडपडत उठले. हा माझ्या स्टुलावर बसलेला, फोन डब्याला टेकवून उभा केलेला, चेहरा पांढराफटक. "हे बघ," तो म्हणाला. व्हिडिओत त्याचे डोळे ओट्याच्या कडेवरून चालले होते. ठप, ठप, ठप, ठप.

"अहो, तुम्ही कुठे पडलात?"

"मी कुठेच नाही पडलो! सहज म्हटलं बघावं. हे लागट असतं का गं? पेन्सिल धरून धरून लागलं असेल का?"

त्याच्या आवाजात खरी भीती होती आणि मला एकीकडे काळजी, एकीकडे हसू. मशीनवर त्याची शिलाई आजही रेघ मारल्यासारखी येते. तो आजारी असेल तर मग जगात धडधाकट कोण? मी शेजारणीला हाक मारली, हात पुसत ती आली. तिला स्टुलावर बसवलं, कडेवरून नजर फिरवायला लावून तिचाही व्हिडिओ काढला. ठप, ठप, ठप. तिला काही कळेना, आम्हाला काही सुचेना. नवऱ्यानं खिशातलं पत्र चाचपलं आणि म्हणाला, "हे आज देत नाही मी. आधी तुझ्या पेन्सिलबाईकडे जाऊ."

पेन्सिलबाईनं तिन्ही व्हिडिओ बघितले आणि ती हसायला लागली. माझा पारा चढला. "हसायला काय झालं? माझी नोकरी चाललीय इथे."

"सॉरी काकू. पण हे मला आधी का नाही सांगितलंत?" तिनं आपलाच फोन समोर धरला, खोलीच्या भिंतीवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि व्हिडिओ मला दाखवला. तिचेही डोळे उड्या मारत होते. "हे कुणालाच जमत नाही. मला नाही, तुम्हाला नाही, कुणालाच नाही. डोळ्याला सरकायला समोर सरकणारं काहीतरी लागतं. मोकळ्या जागेवर तो उड्याच मारतो. आपल्याला आतून कळत नाही, वाटतं सरकतोय. तुम्ही पडायच्या आधीही त्या ओट्यावर तुमचे डोळे असेच चालले असते."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला.

"म्हणजे तीन दिवस मी..."

"तीन दिवस तुम्ही जगातल्या कुणालाच न जमणारी गोष्ट करत होतात. आणि जमत नाही म्हणून रडत होतात."

कपाळावर हात मारण्यावाचून मी काय करणार! सव्वीस वर्षं डोळे वापरले आणि डोळ्यांबद्दल मला छटाकभर ठाऊक नव्हतं. बाटली मी पोचवते अशी माझी घमेंड, आणि खरं म्हणजे बाटली असते म्हणून माझी नजर चालते.

मग तिनं पेन्सिल घेतली, माझ्या डोळ्यांसमोरून सावकाश नेली आणि नवऱ्याला व्हिडिओ काढायला सांगितला. यावेळी डोळे सरकले. मध्ये पाच-सहा वेळा अडखळले, पण सरकले. पहिल्या दिवशी किती अडखळत होते ते तिच्या वहीत होतं. तीसेक वेळा. मी आकडा ऐकला आणि मला भर इस्पितळात रडू फुटलं.

"आता तुमचाच अंगठा समोर धरा," ती म्हणाली. "तुम्हीच हलवा आणि तुम्हीच त्याच्याकडे बघा."

अंगठ्यावर दोनदाच अडखळले. ती म्हणाली, आपला हात कुठे चाललाय ते डोक्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून डोळा मागे पडत नाही. "चाचणीत बाटलीबरोबर बोट चालवा काकू. बोट डोळ्याला हात धरून नेईल."

इथे माझं तोंड वाकडं झालं, कारण तिला आमच्या खोलीची रीत ठाऊक नव्हती. बोट लावून बाटल्या बघते ती कच्ची. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी मी बजावते, हात मांडीवर. तरी बोट पुढे आलंच तर मी विचारायचे, "काय गं, बाराखडी गिरवतेस का?" आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या. दोघीतिघी तर रडल्यात माझ्यापायी. आता त्याच खोलीत, त्याच बायकांसमोर मी बोट लावायचं? मेले तरी नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि तिला म्हटलं, "बघते."

गुरुवारी खोलीत नेहमीच्या चौघी होत्या, सुपरवायझर होता आणि वरून आलेले एक साहेब होते. मी स्टुलावर बसले. हात मांडीवर. पट्टा सुरू झाला, तीनशे बाटल्या, सहा मिनिटं. पहिली बाटली धरली, अर्ध्या वाटेत सुटली. दुसरी धरली, सुटली. काही बाटल्या पोचल्या, काही मध्येच गायब झाल्या, आणि शेवटी सुपरवायझरनं लाल पेटी मोजली. आठ.

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं वाटलं असतं. साहेबांनी कागदावर टेकवायला पेन काढलं.

सुपरवायझर घाईघाईनं म्हणाला, "साहेब, चाचणी दोनदा घेता येते. नियमात आहे." असा काही नियम आहे की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पेन परत खिशात ठेवलं.

बाटल्या पुन्हा मिसळायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात मी माझ्या हाताकडे बघत बसले. घमेंड ठेवायची की स्टूल, एवढाच प्रश्न होता. मी त्या चौघींकडे वळले. "आज मी बोट लावणार आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "ज्यांना ज्यांना मी बाराखडीवरून बोलले, त्यांनी आत्ताच हसून घ्या. पट्टा सुरू झाल्यावर आवाज चालणार नाही."

सगळ्यात धाकटी, जी माझ्यापायी एकदा मोरीत जाऊन रडली होती, ती म्हणाली, "लावा मावशी. आम्ही सगळ्याच लावतो, तुम्ही खोलीत नसलात की."

घ्या! सव्वीस वर्षांची माझी शिस्त, आणि माझी पाठ वळली की चौघीही बाराखडी गिरवायच्या. एरवी मी खोली डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी मला गंमत वाटली आणि छाती हलकी झाली.

पट्टा सुरू झाला. मी उजवी तर्जनी पट्ट्याच्या बाहेरच्या पट्टीवर टेकवली आणि पहिल्या बाटलीखालून तिच्याबरोबर सरकवली. नजर बोटामागून निघाली. बाटली मध्ये कुठेही तुटली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सबंध आली, माझ्यापुरती थांबली. चार महिन्यांत मी बाटली अशी बघितली नव्हती. मग दुसरी. तिसरी. सातव्या बाटलीच्या बुडात बुडबुडा होता, डाव्या हातानं उचलली, लाल पेटीत टाकली. पुढे मी मोजलं नाही. मला फक्त बाटल्या दिसत होत्या, एकामागून एक, स्वच्छ, आणि मध्येच एखादी तडकलेली.

पट्टा थांबला. सुपरवायझरनं पेटी मोजली. परत मोजली. मग साहेबांना मोजायला दिली.

"बारा," साहेब म्हणाले. कागदावर सही केली, मला नमस्कार केला आणि गेले.

चौघींनी टाळ्या पिटल्या. माझा जीव भांड्यात पडला खरा, पण मी सुपरवायझरला म्हटलं, "हे बघ, लबाडी नको. बोट लावून बारा आल्यात. यापुढे मी बोटवाली, हे सगळ्यांना ठाऊक असू दे."

तो माझ्याकडे विचित्र बघायला लागला. "मावशी, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय कळलं नाही?"

"मी बाटल्या बघतच नव्हतो. तुमचा हात बघत होतो. दोनशेव्या बाटलीच्या आसपास तुमचं बोट थांबलं. शेवटच्या शंभर तुम्ही नुसत्या नजरेनं पोचवल्यात. त्यातच पाच वाईट होत्या, पाचही उचलल्यात."

"काहीतरीच बोलू नकोस."

"विचारा ना यांना."

मी चौघींकडे बघितलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती मान हलवत होती, हो हो म्हणून. मग मी खाली बघितलं. माझा उजवा हात मांडीवर होता, पालथा, निवांत. तो तिथे कधी येऊन बसला, मला ठाऊक नाही.